श्रम, व्यायाम आणि सिकलसेल : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बीजशब्द : सिकलसेल, व्यायाम, शेतमजुरी, उष्मा, वाशिम जिल्हा, वैद्यकाचा इतिहास

प्रस्तावना

विदर्भाच्या आधुनिक इतिहासात मानवी शरीराविषयीचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले आहेत. पहिला बलोपासनेचा. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ मध्ये या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. वऱ्हाडातील गावोगावच्या आखाड्यांना आणि शाळांतील कवायतीच्या तासाला या परंपरेने प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरा प्रवाह रक्ताच्या एका आनुवंशिक विकाराचा. १९५८ साली शुक्ला व सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माविषयीचा आपला निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि नागपूर परिसरात हा विकार असल्याची नोंद झाली. पहिल्या प्रवाहाचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. दुसऱ्याचा अद्याप नीट लिहिला गेलेला नाही. दोन्हींचा विषय मात्र एकच, म्हणजे श्रम करणारे शरीर.

सिकलसेल असलेल्या व्यक्तीने किती श्रम करावेत, कोणत्या ऋतूत करावेत व कोठे थांबावे, या प्रश्नाला गेल्या शतकभरात वैद्यकाने दिलेली उत्तरे कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ही उत्तरे प्रामुख्याने अमेरिकेतील सैनिकी छावण्यांत आणि क्रीडांगणांवर घडली. ती वाशिमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात आणावयाची तर सैनिक व खेळाडू यांच्या जागी शेतमजूर, शाळकरी मुले आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे तरुण यांना उभे करावे लागते.

रोगाची ओळख

१९०४ च्या डिसेंबरात शिकागो येथील एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला तरुण दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरास त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या विचित्र पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नोएलने शिक्षण पुरे केले, मायदेशी परतून दंतवैद्यकाचा व्यवसाय केला आणि १९१६ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने तो निवर्तला. इतिहासात ज्ञात असलेला हा पहिला रुग्ण अंथरुणास खिळलेला नव्हता. तो शिकत होता व पुढे काम करीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखविले की, प्राणवायू कमी झाला की या पेशी विळ्याचा आकार घेतात. श्रमाच्या प्रश्नाचे बीज याच शोधात आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या रेणूतच दोष असल्याचे सिद्ध केले. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता चारात एक इतकी असते, हे आनुवंशिकतेचे गणितही त्याच वर्षी स्पष्ट झाले. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी हिवतापाशी असलेला संबंध उलगडला. वाहकास घातक हिवतापापासून काही संरक्षण लाभते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले.

भारतात १९५२ मध्ये लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये आणि डनलॉप व मुजुमदार यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये या विकाराची नोंद केली. आसामची नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. भारतातील सिकलसेलची कहाणी आरंभापासूनच अंगमेहनत करणाऱ्यांची कहाणी होती. शुक्ला व सोळंकी यांचा अभ्यास महार समाजाविषयीचा होता. पुढील पाहण्यांत गोंड, परधान, माडिया, कोरकू इत्यादी जमातींत आणि इतर मागासवर्गीयांपैकी काही जातींतही हे जनुक आढळले. पूर्व विदर्भात त्याचे प्रमाण अधिक असून पश्चिमेकडे ते कमी होत जाते. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हे जनुक कोणत्याही जातीचे लक्षण नव्हे. पूर्वीचा हिवताप आणि जातीअंतर्गत विवाहाची चाल या दोन गोष्टींनी त्याचे आजचे वाटप घडविले आहे. त्यावरून एखाद्या समाजास दुर्बळ ठरविणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय ते अन्यायकारकही आहे. असा अन्याय प्रत्यक्षात घडला आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

छावणीतील मृत्यू आणि मनाईचे पर्व

१९६८-६९ या काळात टेक्सासमधील फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर प्राथमिक प्रशिक्षण घेणारे चार कृष्णवर्णीय तरुण परिश्रमानंतर मृत्यू पावले. हा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट उंचीवर आहे. चौघेही सिकलसेलचे वाहक होते. म्हणजे त्यांना रोग नव्हता, आईकडून अथवा वडिलांकडून आलेले एकच जनुक होते. १९७० मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि तोवर निरुपद्रवी मानल्या गेलेल्या वाहकावस्थेकडे पाहण्याची दृष्टी एकाएकी पालटली.

त्यानंतरचे दशक भीतीचे होते. १९७२ मध्ये अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला व तपासण्यांची लाट आली. परंतु समुपदेशनाची पुरेशी व्यवस्था नव्हती. वाहक आणि रुग्ण यांतील भेद पुसला गेला आणि धडधाकट माणसांना नोकरी व विमा नाकारला गेल्याची उदाहरणे घडली. अमेरिकी हवाईदलाच्या अकादमीने तर वाहकांना प्रवेशच बंद केला होता. ही बंदी १९८१ मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर उठली. गंमत अशी की, याच काळात, १९७३ मध्ये, व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या तपासणीत कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण कृष्णवर्णीय लोकसंख्येइतकेच आढळले होते. म्हणजे अत्यंत कष्टाच्या खेळातून वाहक गळून पडत नव्हते. एका बाजूस मृत्यूची नोंद आणि दुसऱ्या बाजूस मैदानावरचे पराक्रमी खेळाडू, असा हा पेच होता.

तो काहीसा सुटला १९८७ मध्ये. कार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९८१ या काळातील सुमारे वीस लाख नवसैनिकांच्या नोंदी अभ्यासल्या. वाहक असलेल्या कृष्णवर्णीय नवसैनिकांत अन्य कारण न सापडलेल्या आकस्मिक मृत्यूचे प्रमाण दर लाखास ३२ होते. वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांत ते एकाच्या आसपास होते. जोखीम सुमारे २८ पट अधिक होती. आकडा धक्कादायक खरा, पण त्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. लाखातील ९९,९०० हून अधिक वाहकांनी ते खडतर प्रशिक्षण निर्वेधपणे पूर्ण केले होते. प्रश्न केवळ जनुकाचा असता तर असे घडले नसते. जनुकाच्या जोडीला उष्णता, पाण्याची कमतरता, सराव नसताना एकदम वाढविलेले श्रम आणि ‘थांबू नकोस’ असा हुकूम या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे संकट ओढवते, असा या संशोधनाचा रोख होता.

त्यामागील शारीरक्रिया थोडक्यात अशी. तीव्र श्रमात स्नायू रक्तातील प्राणवायू झपाट्याने वापरतात, आम्लता वाढते, शरीर तापते आणि घामावाटे पाणी जाते. या चारही गोष्टी पेशींना विळ्याचा आकार घेण्यास अनुकूल आहेत. ताठर झालेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू विघटित होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. मूत्रपिंड व हृदय यांच्यावर त्याचा घातक परिणाम होतो. शिवाय सिकलसेलमध्ये, आणि बहुधा वाहकातही, मूत्र दाट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती उणावलेली असते. इतरांपेक्षा अधिक पाणी शरीराबाहेर जाते आणि तहान लागण्यापूर्वीच तूट पडू लागते. पाण्याचा मुद्दा वरवर सामान्य वाटतो. या विकारात तोच कळीचा आहे.

क्रीडांगणावरून आलेला धडा

२००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावानंतर कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो वाहक होता. या प्रकरणातील दाव्याच्या तडजोडीनंतर अमेरिकी विद्यापीठीय क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतील खेळाडूंची सिकलसेल स्थिती तपासण्याचा नियम केला. निर्णय योग्य वाटतो, परंतु रक्तरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २०१२ मध्ये त्यास विरोध नोंदविला. केवळ चाचणी करून खेळाडूवर शिक्का मारण्यापेक्षा सर्वच खेळाडूंना पाणी, विश्रांती व उष्म्यापासून संरक्षण देणारे नियम लावावेत, म्हणजे वाहकही सुरक्षित राहतील व भेदभावही टळेल, असे या संस्थेचे म्हणणे होते.

या वादाचा निवाडा पुन्हा सैन्याच्याच नोंदींनी केला. २०११ ते २०१४ या काळातील ४७,९४४ कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्युदर इतरांहून अधिक आढळला नाही. श्रमजन्य स्नायुविघटनाची जोखीम मात्र सुमारे ५४ टक्क्यांनी अधिक होती. १९८७ चे २८ पट आणि २०१६ ची बरोबरी यांत अंतर कसे पडले? दोन्ही अभ्यासांतील सैनिक सारखे नव्हते. पहिले नवखे होते, दुसरे सेवेतील. तरीही मधल्या काळात सैन्याने उष्म्याविषयीचे नियम सरसकट सर्वांना लागू केले होते, हे कारण महत्त्वाचे मानले जाते. हवेतील उष्णता व आर्द्रता मोजून तासातील किती मिनिटे काम, किती मिनिटे विसावा आणि किती पाणी, हे ठरविणारी कोष्टके त्यांनी अमलात आणली. जनुक तेच राहिले. श्रमाची व्यवस्था बदलली.

क्रीडावैद्यकाने आणखी एक व्यवहारोपयोगी निरीक्षण नोंदविले आहे. सिकलसेलमुळे कोसळणारा खेळाडू पुष्कळदा सराव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कोसळतो. स्नायूंत गोळा येऊन तो किंचाळत नाही. पाय निकामी झाल्यासारखा खाली बसतो आणि बहुधा बोलूही शकतो. पाहणाऱ्यास तो ढोंग करीत आहे असे वाटते, आणि अशा वेळी त्यास उठवून पुन्हा पळविणे प्राणघातक ठरू शकते. त्याला तत्काळ थांबवून, सावलीत नेऊन, शरीर थंड करून व शक्य असल्यास प्राणवायू देऊन विनाविलंब रुग्णालयात पोहोचविणे हाच मार्ग आहे.

प्रत्यक्ष रुग्णांविषयी

येथवरचे विवेचन वाहकांचे होते. ज्यांना दोन्ही जनुके लाभली आहेत, म्हणजे जे प्रत्यक्ष रुग्ण आहेत, त्यांना दीर्घकाळ एकच सल्ला मिळत राहिला : दगदग करू नका. रक्तक्षय, वारंवार उद्भवणाऱ्या वेदना आणि अवयवांची हानी पाहता हा सल्ला स्वाभाविक होता. परंतु सक्तीच्या विश्रांतीने स्नायू क्षीण होतात, दम आणखी लवकर लागतो आणि मूल मैदानाबाहेर एकटे पडते. १९९५ मध्ये हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके घटतात हे सिद्ध झाल्यावर रुग्णांचे आयुष्य पालटू लागले, आणि मग हे वाढलेले आयुष्य कसे जगावे, हा प्रश्न पुढे आला. २०१८ मध्ये फ्रान्समधील एका नियंत्रित प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर दीर्घकालीन गुंतागुंत नसलेल्या प्रौढ रुग्णांना आठ आठवडे वैद्यकीय देखरेखीखाली मध्यम तीव्रतेचा व्यायाम देण्यात आला. तो सुरक्षित ठरला व त्यांची शारीरिक क्षमता सुधारली. मनाईकडून मर्यादेकडे झालेला हा प्रवास आहे.

मर्यादेची ही कल्पना आपल्या परंपरेस अपरिचित नाही. वाग्भटाने बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसासही अर्ध्या शक्तीनेच, आणि तोही थंडीत व वसंतात, व्यायाम सांगितला आहे. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. वाग्भटास सिकलसेल ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु शक्ती संपेपर्यंत श्रम करणे म्हणजेच व्यायाम, ही समजूत आपल्याकडील मूळची नव्हे, एवढे त्यावरून म्हणता येते.

भारतीय रुग्णांबाबत एक भेद लक्षात घ्यावा लागतो. येथील जनुकाचा प्रकार अरब-भारतीय म्हणून ओळखला जातो व त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते. त्यामुळे भारतातील रोग सौम्य असतो असे ओडिशातील अभ्यासांवरून मानले गेले. नागपूरच्या बालरुग्णांवरील अभ्यासांनी मात्र तो येथे पुष्कळदा तीव्र असतो हे दाखविले. भारतीय रुग्णांत प्लीहा वाढलेली राहण्याचे प्रमाणही अधिक असते. अशा मुलाने कबड्डी किंवा कुस्ती खेळणे धोक्याचे आहे, कारण पोटावरचा मार प्लीहा फाटण्यास कारण होऊ शकतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला असल्यास उड्या मारणे वर्ज्य करावे. चालणे, सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालविणे, दम लागला की थांबण्याची मुभा असलेले खेळ हे बहुतेकांना मानवतात. तथापि आरंभ वैद्यकीय तपासणीनंतरच व्हावा. ताप अथवा वेदना असताना व्यायाम नको. थंडीही शत्रूच आहे. हिवाळ्यात विहिरीच्या गार पाण्यात सूर मारणे इतर मुलांना गंमत असते, रुग्णास मात्र त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो.

वाशिमच्या शिवारात

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. योगायोग असा की, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभही १ जुलै रोजीच, २०२३ साली मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. तत्पूर्वी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले होते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमसह राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी येथील रुग्णास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील उपचारांसाठी अकोला, यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागे.

तपासणी होईल, पत्रिका मिळेल, पुढे काय? अमेरिकेतील १९७० च्या दशकाचा अनुभव असा की, समजावून न सांगितलेली पत्रिका हा शिक्का ठरतो. शाळेतील शिक्षकास वाहक व रुग्ण यांतील भेद ठाऊक नसेल, तर तो वाहक मुलास खो-खोच्या संघातून वगळेल आणि रुग्ण मुलास शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारावयास लावेल. दोन्ही चुका अज्ञानाच्याच. दुसरी जिवावर बेतणारी.

भरतीचा प्रश्न याहून बिकट आहे. पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना ही नोकरी म्हणजे घराचा आधार असतो, म्हणून चक्कर आली तरी ती थांबत नाहीत. २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेदरम्यान व नंतर दहाहून अधिक उमेदवार मृत्यू पावले. त्या मृत्यूंचा सिकलसेलशी संबंध जोडण्यास आधार नाही. पण उमस, अपुरा सराव आणि न थांबण्याची सक्ती ही फोर्ट ब्लिसचीच त्रयी तेथेही दिसते. वाहक तरुणास भरतीतून वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कित्येक आठवडे आधीपासून टप्प्याटप्प्याने सराव, धावण्यापूर्वी पुरेसे पाणी, आणि आयोजकांनी उन्हाची वेळ टाळणे, एवढ्याने पुष्कळ साधते.

सर्वांत कठीण प्रश्न शेतमजुरांचा. सोयाबीन हे जिल्ह्याचे प्रमुख पीक. त्याची सोंगणी ऑक्टोबरच्या तापत्या उन्हात येते आणि ती बहुधा गुत्त्याने, म्हणजे एकराच्या हिशेबाने ठरवून केली जाते. गुत्त्यात प्रत्येक विसाव्याची किंमत मजुराच्या खिशातून जाते. टोळीत एकजण मागे पडला तर सगळ्यांची मजुरी अडते, म्हणून बांधावर बसलेल्या बाईला आजारी म्हणण्याऐवजी कामचोर म्हटले जाते. शेतात आडोसा नसल्याने स्त्रिया पाणी पिणेच टाळतात, हे ग्रामीण भागात वावरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. ज्या विकारात पाणी हेच पहिले औषध, त्या विकाराच्या बाईला लाजेपायी तहानलेले राहावे लागते. व्यायामाच्या तीव्रतेविषयी वैद्यकाने लिहिलेल्या सर्व सूचनांत एक गृहीतक आहे : माणूस आपल्या मर्जीने थांबू शकतो. ते येथे लागू पडत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार पेटी या सोयी बंधनकारक केल्या होत्या. त्या कितपत मिळत होत्या हा वेगळा अभ्यासविषय आहे, पण तत्त्व तरी मान्य झाले होते. सैनिकासाठी उष्म्यानुसार विसाव्याची मिनिटे ठरविणारे कोष्टक निघाले. सोंगणीच्या गुत्त्यासाठी ते कोणी मांडलेले नाही. ते मांडावयाचे झाल्यास डॉक्टर आणि शेतमालक यांच्याइतकाच टोळीच्या मुकादमाशी विचारविनिमय करावा लागेल, कारण सकाळी किती वाजता शेतात उतरायचे, दुपारचा ताप किती तास टाळायचा आणि पाण्याची घागर शेताच्या कोणत्या धुऱ्यावर ठेवायची, हे प्रत्यक्षात तोच ठरवितो.